नेल : वाचून शिकणारं यंत्र, ग्रंथपालाच्या नजरेतून

संदर्भ विभागात नवा कोश दाखल झाला की मी त्याला चार प्रश्न विचारायचे. ही माहिती कुठून घेतली? केव्हा घेतली? कुणी तपासली? आणि चूक निघाली तर ती दुरुस्त कशी होते? सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ संदर्भाच्या टेबलावर आणि कॅटलॉगच्या कार्डांत गेला. चामडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे कितीतरी ग्रंथ या प्रश्नांपुढे गप्प बसलेले मी पाहिले आहेत. म्हणून आज ज्या साधनाबद्दल लिहिते आहे त्याचं मला फार अप्रूप आहे. कोश म्हणून ते अपुरं आहे, चुकाही त्यात पुष्कळ आहेत. पण प्रत्येक नोंदीशेजारी ते तीन गोष्टी लिहून ठेवतं: ही गोष्ट कशावरून कळली, कोणत्या तारखेला कळली आणि तिची खात्री किती.

त्याचं नाव नेल, म्हणजे नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ते सुरू केलं. प्रकल्पाचं नाव ‘रीड द वेब’. पैसा डार्पा ही तिथल्या संरक्षण खात्याची संस्था आणि गूगल यांच्याकडून आला, संगणकांचा मोठा ताफा ‘याहू’ या इंटरनेट कंपनीनं वापरायला दिला. काम सांगायला सोपं: इंटरनेटवरची पानं वाचायची, त्यांतून तथ्यं वेचायची आणि कालच्यापेक्षा आज जास्त नीट वाचायला शिकायचं. रात्रंदिवस, सुट्टी न घेता.

आमच्या कॉलेजच्या संगणक विभागातली मुलं प्रोजेक्टसाठी वर्गीकरणाबद्दल विचारायला ग्रंथालयात यायची, त्यांच्याकडून मला नेल कळलं. त्यांना ड्यूईचे, म्हणजे विषयवार पुस्तकं लावायच्या पद्धतीचे, क्रमांक समजून घ्यायचे होते, आणि मला त्यांच्या लॅपटॉपवरच्या त्या पानावरून नजर हटवता येईना. तेव्हापासून मी ते एखाद्या संदर्भग्रंथासारखं वापरत आले. म्हणून हे परीक्षणही एका वापरणारीचं आहे, ते बांधणाऱ्याचं नाही.

आधी त्याच्या पोटात काय आहे ते सांगते, कारण त्याशिवाय त्याचे गुणदोष कळणार नाहीत.

नेलला कोऱ्या पाटीवर सोडलं नव्हतं. सुरुवातीला १२३ वर्ग आणि ५५ संबंध हातात दिले होते. वर्ग म्हणजे शहर, वनस्पती, वर्तमानपत्र, भावना, पेय, पर्वत, संघ. संबंध म्हणजे हा खेळाडू तो खेळ खेळतो, हे शहर त्या देशात आहे, हा संघ त्या लीगमध्ये खेळतो. प्रत्येकाचे दहा-पंधरा नमुने दिले आणि वाचायला सुमारे ५० कोटी पानं. शिवाय काही बंधनं सांगून ठेवली: जे शहर आहे ते पेय असू शकत नाही, ‘खेळाडू’ या वर्गात बसतं ते माणूसच असलं पाहिजे. ग्रंथपालाला हे ऐकताक्षणी ओळखीचं वाटतं. आम्हीही वर्ग आधी आखतो, मग पुस्तक हातात घेतो.

नमुने मिळाले की नेल त्यांच्या आजूबाजूचे शब्द पाहतं. चार ओळखीची शहरं ‘सिटीज सच ॲज’ (‘यांसारखी शहरं’) या शब्दांनंतर वारंवार येताना दिसली, की त्या शब्दांनंतर येणारं पाचवं अनोळखी नावही शहर असावं असा अंदाज करतं. ही युक्ती नेलची स्वतःची नव्हे. मार्टी हर्स्ट यांनी ‘सच ॲज’सारख्या रचनांतून वर्ग ओळखण्याची पद्धत १९९२ मध्ये मांडली होती. गूगलचे सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये केवळ पाच पुस्तकं आणि त्यांचे लेखक एवढ्या भांडवलावर सुरुवात केली होती. त्या जोड्या इंटरनेटवर कशा लिहिल्या जातात ते शोधायचं, त्या रचनांतून नव्या जोड्या मिळवायच्या, त्यांवरून पुन्हा नव्या रचना. नेलनं हे चक्र कायमचं फिरतं ठेवलं आणि एकाच वेळी शेकडो वर्गांवर चालवलं.

त्यानं स्वतः शोधलेल्या रचना वाचायला मला फार आवडतात. ‘हार्ट्स फुल ऑफ’ म्हणजे काठोकाठ भरलेली हृदयं: त्यापुढे येतं ती भावना. ‘कप ऑफ ॲरोमॅटिक’, सुगंधी कशाचा तरी कप: त्यापुढे पेय. ‘ऑप-एड पेज ऑफ’, म्हणजे अमक्याचं मतांचं पान: त्यापुढे वर्तमानपत्र. कुणीही हे त्याला शिकवलं नव्हतं. हजारो लोकांनी सहज लिहिलेल्या वाक्यांतून त्यानं ते उचललं. माणसं काय लिहितात याची अशी यादी भाषेच्या कोणत्याही विद्यार्थ्यानं बघावी.

पण एकाच डोळ्यावर भरवसा ठेवला नाही, ही मिचेल यांच्या मंडळींची खरी करामत. नेलमध्ये चार वेगवेगळे वाचक आहेत. पहिला वर सांगितलेल्या शब्दरचना पाहतो. दुसरा पानाची मांडणी पाहतो, म्हणजे एखाद्या संकेतस्थळावर याद्या आणि तक्ते कसे रचलेत यावरून एका यादीतली सगळी नावं एकाच वर्गाची धरतो. चौथा जमलेल्या तथ्यांवरून नियम काढतो. आणि तिसरा आजूबाजूचं काहीच न पाहता फक्त नावाचा चेहरा पाहतो: शेवटचा शब्द कोणता, सुरुवात कशी, प्रत्यय कोणता. माझा सगळ्यात आवडता वाचक हाच.

त्याचं एक उदाहरण २०१० च्या त्यांच्या निबंधात छापलेलं आहे. चित्रकलेतल्या चळवळी ओळखायला तो शिकला तेव्हा त्याला कळलं की नावाच्या शेवटी ‘इझम’ असलं तर बहुधा ती कलाचळवळ असते. इम्प्रेशनिझम, क्युबिझम. म्हणून त्या शेपटीला त्यानं भरघोस गुण दिले. मग जर्नलिझम आणि बुद्धिझम आडवे आले. तेव्हा त्यानं ‘जर्न’ आणि ‘बुद्ध’ या सुरुवातींना उणे गुण लावले. नवख्या कॅटलॉगरच्या हाताखाली हेच घडतं: आधी नियम सापडतो, मग अपवाद त्रास देतात, मग अपवादांची चिठ्ठी कार्डांच्या खणात चिकटवली जाते.

वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे वाचक एकाच निष्कर्षावर पोचले, किंवा एकाचीच खात्री फार मोठी असली, तरच ती नोंद ‘मान्य’ होते. नाहीतर ती उमेदवार म्हणून थांबून राहते. एखाद्या लेखकाची जन्मतारीख ठरवताना आम्हीही दोन स्वतंत्र ग्रंथ जुळतात का ते पाहायचो, आणि दुसऱ्यानं पहिल्यावरून उतरवून घेतलं असेल तर तो दुसरा मोजायचो नाही.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नुकत्याच शिकलेल्या गोष्टींचा तक्ता असे. नाव आणि वर्ग, वाचून शिकण्याच्या कितव्या फेरीत शिकलं, तारीख, खात्रीचे टक्के, आणि शेजारी अंगठा वर-अंगठा खाली अशी दोन चित्रं. कुणीही वाचक ती दाबून सांगू शकत होता की हे बरोबर, हे चूक. डावीकडे वर्गांचं झाड. एखाद्या नावावर गेलं की त्याचं स्वतंत्र पान उघडतं आणि त्यावर ते नाव ज्या ज्या वर्गात बसलंय त्यांची यादी, प्रत्येकाखाली कोणत्या वाचकानं, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दरचनेवरून हे म्हटलं ते सगळं. ज्याचा पुरावा कमजोर आहे ते करड्या अक्षरांत, आणि तसं स्पष्ट लिहूनही ठेवलेलं.

हे करडं लिखाण मला छापील कोशात कधी दिसलं नाही. आपल्याकडे नोंद एकतर छापली जाते किंवा गाळली जाते. संपादकाला जे पटलं नव्हतं, पण पूर्ण टाकवतही नव्हतं, ते कुठे जातं? फाईलमध्ये, आणि पुढे रद्दीत. नेल ते समोर ठेवतं. संशोधन करणाऱ्या मुलांना मी कायम करड्या ओळी आधी वाचायला सांगते, कारण यंत्र कुठे अडखळतंय ते तिथे दिसतं आणि त्यांना स्वतःच्या कामाला विषयही तिथेच सापडतात.

पानाची मांडणी मात्र रूक्ष आहे. संबंधांची नावं सगळे शब्द एकत्र जोडून लिहिलेली, वर्गांच्या झाडात वाट चुकायला होतं, आणि नव्या माणसाला कुठून सुरुवात करावी याचं मार्गदर्शन फारसं नाही. तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी केलेलं पान आहे, तेवढं धरून चालावं लागतं.

चुकांचा हिशेब मांडायलाच हवा, आणि तो मांडायला निर्मात्यांनीच आकडे दिलेत. पहिल्या ६७ दिवसांत नेलच्या ६६ फेऱ्या झाल्या आणि त्यात सुमारे २,४२,००० तथ्यं जमली. त्यांतली अंदाजे ७४ टक्के बरोबर. चारातलं एक चूक हे कोणत्याही कोशाला न शोभणारं प्रमाण आहे. त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच. सुरुवातीच्या २२ फेऱ्यांत ९० टक्के बरोबर होतं, मधल्या २२ मध्ये ७१ आणि शेवटच्या २२ मध्ये ५७. म्हणजे जितकं जास्त वाचलं तितकं प्रत्येक नव्या फेरीतलं शिकणं घसरत गेलं. सोपी तथ्यं आधी संपली हे एक कारण. दुसरं कारण असं की आधीच्या चुका पुढच्या शिकण्याचा पाया झाल्या.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बेकरीचं. ‘भाजलेले पदार्थ’ या वर्गात नेल पाव, केक, पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), कुकी (गोड बिस्किट) अगदी छान ओळखत होतं. मग त्यातल्या एका वाचकानं ‘इंटरनेट कुकीज’ही, म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी, त्याच वर्गात घातल्या. लोक लिहितात, ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या’. त्याच साच्यात लोक असंही लिहितात, ‘मी माझ्या फाईल्स डिलीट केल्या’. झालं, संगणकाच्या फाईलीही बेकरीच्या मालात जमा. दुधात विरजणाचा एक थेंब पडावा तसा वर्ग नासत गेला. शेवटी मिचेल यांना आत हात घालून ती एक चूक काढावी लागली, तेव्हा कुठे बेकरीचा वर्ग पुन्हा मार्गी लागला. ही हकिकत त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे, आणि त्यासाठी माझ्या मनात त्यांच्याबद्दल मोठा आदर आहे. चुकीचा माग काढता आला, ती कोणत्या वाक्यावरून शिरली हे बोट ठेवून दाखवता आलं, म्हणून ती काढता आली.

पहिले सहा महिने नेल मदतीशिवाय चाललं. बहुतेक वर्ग ठीक होते, पण साधारण एक चतुर्थांश वर्गांत आणि संबंधांत घसरण दिसत होती. मग जून २०१० पासून संशोधकांनी दर दोन आठवड्यांनी प्रत्येक वर्गावर पाचेक मिनिटं नजर टाकायला आणि ढळढळीत चुका खोडायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ३,९०,००० तथ्यं आणि ८७ टक्के अचूकता अशी स्थिती आली. पाच मिनिटं! ग्रंथालयात पुस्तक-पडताळणीला माणूस मागितला की मिळायची मारामार, आणि इथे जाणत्या माणसाच्या अधूनमधूनच्या पाच मिनिटांनी एवढा फरक पडलेला. संचालकांच्या बैठकीत मांडायला इतका चांगला दाखला मला दुसरा मिळाला नाही.

नियम काढणाऱ्या वाचकाचंही बरंवाईट पाहण्यासारखं आहे. ज्या संघानं स्टॅनली कप हा आइस हॉकीचा चषक जिंकला तो एनएचएल या आइस हॉकीच्या लीगमध्ये खेळतो, हा नियम त्यानं स्वतः काढला आणि तो बरोबर आहे. त्याच वेळी त्यानं असंही ठरवलं की माध्यमक्षेत्रातली कंपनी ब्लॉगही असेल तर ती न्यूयॉर्क शहराचं वर्तमानपत्र. पहिल्याची खात्री भरपूर, दुसऱ्याची बरीच कमी, पण नियम म्हणून यादीत दोन्ही आले. म्हणून नियमांची यादी आधी माणसाला दाखवून मगच लागू करायची अशी सोय ठेवली होती. निबंध लिहिणाऱ्यांनी हा चुकीचा नियम लपवला नाही, तक्त्यात बरोबरच्या नियमांशेजारी छापला.

माझी मुख्य तक्रार काळाबद्दल आहे. नेल प्रत्येक नोंदीवर तारीख टाकतं, पण ती शिकल्याची तारीख आहे. तथ्य कधीपासून कधीपर्यंत खरं होतं हे ती सांगत नाही. एखाद्या कंपनीचा प्रमुख कोण, एखादा खेळाडू कोणत्या संघात, एखाद्या देशाचा पंतप्रधान कोण: या गोष्टी बदलतात, आणि इंटरनेटवर जुनी पानं नव्या पानांशेजारीच पडलेली असतात. यंत्र दोन्ही वाचतं आणि दोन्ही मानतं. संदर्भाच्या टेबलावर असं चालत नाही. स्पर्धा परीक्षेचा मुलगा ‘राज्यपाल कोण’ विचारतो तेव्हा त्याला सगळ्या राज्यपालांची कालक्रमाविना यादी देऊन भागत नाही. या अडचणीवर काम झालं, आणि त्यात आपल्याकडचं एक नाव आहे: पार्थ प्रतिम तालुकदार. मिचेल यांच्याबरोबर पिट्सबर्गला असताना त्यांनी तथ्यांना काळाच्या मर्यादा कशा जोडाव्यात यावर लिहिलं, आणि पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. वापरणाऱ्याच्या पानावर मात्र ही उणीव जाणवत राहते.

दुसरी तक्रार नावांची. एकाच नावाच्या दोन वस्तू आणि एकाच वस्तूची दोन नावं, हा कॅटलॉगरचा रोजचा व्याप. ‘बॉम्बे – पाहा – मुंबई’ अशी कार्डं करण्यातच आमची बोटं झिजली. नेल सुरुवातीला शब्द आणि वस्तू यांत फरकच करत नव्हतं. ॲपल हे फळही आणि कंपनीही, आणि दोन्ही एकाच नोंदीत. पुढे २०११ मध्ये अर्थांची फोड करणारा वेगळा भाग त्यासाठी तयार झाला आणि सुधारणा दिसली.

वर्गांची निवडही पिट्सबर्गच्या खिडकीतून दिसणाऱ्या जगाची आहे. अमेरिकी फुटबॉल, आइस हॉकी, लीग, स्टेडियम, प्रशिक्षक यांचे संबंध भरपूर. त्यांच्या दृष्टीनं ते योग्यच, कारण असा मजकूर तिथे मुबलक आणि नियमबद्ध असतो. पण वर्ग आखणाऱ्याचं गाव वर्गीकरणात उमटतं, हे ड्यूईच्या धर्म या २०० च्या विभागात ज्यानं काम केलंय त्याला सांगायला नको. तिथे बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मानं व्यापलेली आणि बाकीचे सगळे धर्म शेवटच्या २९० मध्ये दाटीवाटीनं बसलेले.

आता मराठीचं काय, हा प्रश्न मुलं मला हमखास विचारतात. नेलचं मुख्य वाचन इंग्रजी. ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांमुळे पोर्तुगीजमध्येही तसं काम झालं. मराठीत करायचं तर काय काय बदलावं लागेल याचा मी बराच विचार केलाय, कारण कार्डं मी दोन्ही भाषांत केलीत.

इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, वाचकाला तेवढी खूण आयती मिळते. देवनागरीत ती नाही. ‘सागर पुण्यात शिकतो’ या वाक्यात सागर हा समुद्र नव्हे हे यंत्रानं कशावरून ओळखायचं? विजय, आशा, प्रगती, किरण, अशी नावं घराघरांत. मग विभक्ती. पुणे हे गाव वाक्यात ‘पुणे’ म्हणून क्वचितच येतं; ते पुण्यात, पुण्याहून, पुण्याचा असं येतं, आणि सामान्यरूपामुळे मूळ शब्दच बदलतो. आधी ते सोडवायचं, मगच मोजणी. शिवाय क्रम उलटा. इंग्रजीत वर्ग आधी आणि उदाहरणं नंतर. आपण लिहितो ‘नाशिक, जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत’, म्हणजे उदाहरणं आधी आणि वर्ग शेवटी. यात अशक्य काहीच नाही, पण इंग्रजीचा साचा उचलून इथे ठेवता येणार नाही.

उलट तो तिसरा वाचक, नावाचा चेहरा पाहणारा, मराठीत फार रमेल असं मला वाटतं. पूर, गाव, वाडी, नेर, गड: आपल्या स्थळनामांच्या शेपट्याच सगळं सांगतात. ‘गड’ दिसला की किल्ला म्हणायचं. सिंहगड, प्रतापगड, विशाळगड सगळे बसतात. रायगड किल्लाही आणि जिल्हाही, तिथे पहिली कसोटी. छत्तीसगड राज्य, अलिगड शहर, तिथे दुसरी. मग दगड आणि भानगड येतात, आणि यंत्राला ‘भान’ या सुरुवातीला उणे गुण द्यावे लागतात. ‘पूर’चंही तसंच: कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, आणि मध्येच कापूर आणि महापूर. एखाद्या विद्यार्थ्यानं महाराष्ट्रातल्या स्थळनामांवर हा प्रयोग केला तर तो मला हवा आहे.

खरी अडचण मजकुराच्या प्रमाणाची. नेलची ताकद पुनरुक्तीत आहे. एकच तथ्य हजार ठिकाणी हजार पद्धतींनी लिहिलेलं असतं, म्हणून ते एकाही वाक्याचा अर्थ पूर्ण न समजता खात्री मिळवू शकतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि मनापासून काम करणारी माणसं तिथे आहेत, पण इंग्रजीच्या मानानं मराठीत एकाच गोष्टीबद्दल स्वतंत्रपणे लिहिलेली पानं थोडी. बरीच पानं तर एकमेकांवरून जशीच्या तशी उतरवलेली. तालुक्याच्या एखाद्या गावाबद्दल जे काही ऑनलाइन आहे ते एकाच परिच्छेदाच्या दहा प्रती असतात. यंत्राला ते दहा साक्षीदार वाटतील, प्रत्यक्षात साक्षीदार एकच. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं आपल्या गावाबद्दल, व्यवसायाबद्दल, पिकाबद्दल स्वतःच्या शब्दांत ऑनलाइन लिहावं असं मी कळकळीनं म्हणते, त्याचं एक कारण हे.

आपल्या राज्यात या विषयावर पायाभूत काम झालंय हेही वाचकांना माहीत असावं. पवईच्या आयआयटीत सुनीता सरावगी यांनी मजकुरातून माहिती वेचण्याच्या पद्धतींचा विस्तृत आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि अभ्यासाला सुरुवात करायला तो आजही उत्तम आहे. त्यांनी आणि सौमेन चक्रवर्ती यांनी २०१० मध्ये इंटरनेटवरच्या तक्त्यांतल्या रकान्यांचा अर्थ यंत्राला कसा लावता येईल यावर काम केलं. ज्या वर्षी पिट्सबर्गला नेल सुरू झालं त्याच वर्षी!

तुलना केल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. सायक हा डग्लस लेनाट यांचा १९८४ पासूनचा प्रकल्प: व्यवहारज्ञान माणसांनी हातानं लिहून यंत्राला द्यायचं. नीटनेटकं, पण अतिशय संथ. विकिडेटा हा तथ्यांचा खुला साठा ऑक्टोबर २०१२ पासूनचा, माणसांनी आणि त्यांनी चालवलेल्या आज्ञावलींनी भरलेला, संदर्भ जोडायची सोय असलेला. रोजच्या कामाला मी तोच वापरते आणि तुम्हीही वापरा. गूगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये नॉलेज व्हॉल्ट, म्हणजे ‘ज्ञानाची तिजोरी’, या आपल्या तथ्यसंग्रहाचं वर्णन केलं, त्यात १६० कोटी तथ्यं आणि त्यांतली २७ कोटींहून जास्त ९० टक्क्यांवरच्या खात्रीची. आकारानं नेल त्यापुढे लहान. पण त्या तिजोरीत आपल्याला शिरता आलं नाही, आणि नेलची प्रत्येक ओळ उतरवून घेता आली.

आणि आजचे चॅटबॉट. तेही इंटरनेटवरचा मजकूर वाचूनच तयार झालेत, नेलच्या कितीतरी पट जास्त वाचून. वाक्यं सुरेख करतात, मराठीही आता चांगलं लिहितात, आणि चातुर्याच्या बाबतीत नेल त्यांच्या जवळपासही नाही. पण त्यांचं ज्ञान अब्जावधी आकड्यांत विरघळलेलं असतं. एक तथ्य, एक ओळ, एक स्रोत, एक खात्रीचा आकडा असं काही त्यांच्या आत वेगळं काढता येत नाही. उत्तर देताना ते बाहेर शोध घेऊन दुवे देतात तेव्हा बरं वाटतं, पण स्वतःच्या स्मरणातून सांगतात तेव्हा ‘हे कुठे वाचलंस’ या प्रश्नाला भरवशाचं उत्तर मिळत नाही. बेकरीतली ती एक कुकी तिथे सापडली असती का? नेलमध्ये सापडली. माझ्या टेबलावरचा पहिला प्रश्न अजूनही ‘कुठून घेतली’ हाच आहे, आणि म्हणून मी नेलची बाजू घेते.

नेलबद्दलच्या २०१८ च्या लेखात मिचेल यांच्या मंडळींनी १२ कोटी तथ्यांचा आकडा दिला, कमी-जास्त खात्रीची सगळी मिळून. त्यातलं उदाहरण कोणतं दिलंय तर ‘चहा कशाबरोबर देतात: बिस्किटं’. ते वाचून मला फार बरं वाटलं. त्या वर्षानंतर नव्या फेऱ्यांची भर पडलेली नाही. म्हणजे ताजी माहिती शोधायला हे साधन उपयोगाचं नाही, सामान्य ज्ञानाच्या परीक्षेसाठी तर मुळीच नाही. ग्रंथालयशास्त्राच्या, भाषाशास्त्राच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना मात्र मी ते आवर्जून सुचवते. एका तथ्याचा जन्म, त्याला मिळालेले साक्षीदार आणि त्याची चूक, सगळं एका ओळीत दिसतं.

फाईल उतरवून घेणार असाल तर एक कामाची सूचना. भक्कम खात्रीच्या नोंदीच सुमारे २८ लाख आहेत आणि एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. सरळ उघडली तर मावतात तेवढ्याच ओळी येतात, बाकीच्या पुढे आहेत हे पटकन ध्यानात येत नाही. कॉलेजच्या संगणक विभागातल्या कुणाला तरी विनंती करून ती डेटाबेसमध्ये घालून घ्या. मग स्रोताचा रकाना उघडा ठेवा, खात्रीच्या रकान्यावर चढत्या क्रमानं लावा आणि सगळ्यात वरच्या, म्हणजे सर्वांत कमी खात्रीच्या नोंदींपासून वाचायला लागा.